वाढीव स्पीकर, वाढीव वीज

कार स्टिरिओच्या खोक्यावर ठळक अक्षरांत एक आकडा छापलेला असतो: ५० वॉट × ४. म्हणजे चार स्पीकर आणि प्रत्येकाला ५० वॉट. इंजिन चालू असताना गाडीच्या वायरिंगमध्ये साधारण १४.४ व्होल्ट मिळतात आणि गाडीच्या स्पीकरचा रोध बहुधा ४ ओहम असतो. व्होल्टचा वर्ग करून त्याला रोधाने भागलं, की उत्तर येतं ५१.८. खोक्यावरचा आकडा असा जुळतो. बॅटरीचा पूर्ण दाब स्पीकरच्या दोन टोकांवर नुसता उलटसुलट आदळत राहिला, तर तेवढी पॉवर मिळेल. पण अशा चौकोनी लाटेतून गाणं ऐकू येत नाही, निव्वळ फाटका आवाज येतो. स्वच्छ, गोलाईदार लाट हवी असेल तर त्याच १४.४ व्होल्टमधून निम्मी, म्हणजे २६ वॉट पॉवर निघते. स्टिरिओच्या डेकमधल्या चिपमध्ये जे वाया जातं ते वजा केलं, की हाती उरतात १८ ते २० वॉट.

आणखी दोन स्पीकर वाढवायचे, डिकीत एक वूफर टाकायचा, असं ठरवून ॲक्सेसरीजच्या दुकानात जाणारा गाडीमालक बहुतेक वेळा स्पीकरपासून चौकशी सुरू करतो. कंपनी कोणती, गोल की ओव्हल, किती इंची? खरी सुरुवात मात्र बोनेटखाली, बॅटरीच्या प्लस टोकापाशी आहे. गाडीतला प्रत्येक वॉट तिथून येतो. स्पीकर वीज तयार करत नाही, तो ती खर्च करतो. वायर, फ्यूज, अर्थ आणि ॲम्प्लिफायर या चार गोष्टी पक्क्या असतील तर मध्यम किमतीचे स्पीकरही सुरेख वाजतात. त्या कच्च्या असतील तर महागडे स्पीकर वाया जातात आणि गाडी पेटण्याचा धोका राहतो तो वेगळाच.

विजेची ही टंचाई कार रेडिओइतकीच जुनी आहे. १९३० साली शिकागोच्या गॅल्विन मॅन्युफॅक्चरिंग कॉर्पोरेशनने ‘मोटोरोला’ नावाचा कार रेडिओ आणला. पॉल गॅल्विन यांनी तो स्वतःच्या गाडीत बसवला, रेडिओ उत्पादकांच्या अधिवेशनासाठी गाडी अटलांटिक सिटीला नेली आणि तिथे येणाऱ्या-जाणाऱ्यांना रेडिओ ऐकवला. त्या काळच्या रेडिओतल्या काचेच्या व्हॉल्व्हना शंभराहून अधिक व्होल्ट लागत, तर गाडीची बॅटरी असे ६ व्होल्टची. त्यामुळे सुरुवातीला रेडिओसाठी जादा बॅटऱ्या वेगळ्या ठेवाव्या लागत. पुढे व्हायब्रेटर आला. त्यातली पत्ती सेकंदाला शंभरेक वेळा उघडझाप करी, बॅटरीतून सलग येणारा करंट तोडून तोडून ट्रान्सफॉर्मरला देई आणि ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज वाढवून घेई. १९३२ साली जर्मनीत ब्लाउपुंक्टने ‘ऑटोसुपर एएस ५’ हा युरोपातला पहिला कार रेडिओ काढला, तो बसवला गेला एका स्टुडबेकर गाडीत. रेडिओ बसवणाऱ्या मेकॅनिकचं निम्मं कौशल्य स्पार्क प्लगची तडतड रेडिओत शिरू न देण्यात खर्ची पडे. त्यासाठी प्लगच्या वायरींवर रोधक बसवावे लागत. १९५५ मध्ये क्रायस्लर आणि फिलको यांनी पूर्ण ट्रान्झिस्टरचा कार रेडिओ आणला. तो बॅटरीच्या व्होल्टेजवरच चाले, त्यामुळे व्हायब्रेटरची गरज संपली.

गरज संपली ती रेडिओपुरती. आजच्या कार ॲम्प्लिफायरचं झाकण उघडलं तर एका बाजूला तांब्याची जाड तार गुंडाळलेलं कडं दिसतं आणि शेजारी मॉसफेट ट्रान्झिस्टरांची रांग. काम तेच आहे. फरक इतकाच की पत्ती शंभरदा हलत असे, तर मॉसफेट सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतात. बॅटरीचे १२ व्होल्ट असे तोडून, वाढवून अधिक ३० आणि उणे ३० व्होल्टच्या आसपास नेले जातात. ४ ओहमच्या स्पीकरला स्वच्छ १०० वॉट द्यायचे तर लाटेचं टोक २८ व्होल्टपर्यंत पोचावं लागतं. १४.४ व्होल्टवर चालणारा डेक तिथे कधीच पोचू शकत नाही. ॲम्प्लिफायर लागतो तो या कारणासाठी.

ॲम्प्लिफायर टाळण्याची एक पळवाट सर्रास वापरली जाते. अनेक लहान गाड्यांच्या खालच्या मॉडेलमध्ये पुढच्या दोन दारांतच स्पीकर असतात. मागच्या दारांना जाळी असते, पण आतली खोबण रिकामी. मग पुढच्या स्पीकरची वायर मध्येच सोलून तिला मागच्या स्पीकरची वायर पिळली जाते आणि वर टेप गुंडाळली जाते. ही झाली समांतर जोडणी. ४ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की डेकला २ ओहम दिसतात आणि त्याच व्होल्टेजला करंट दुप्पट वाहतो. डेकच्या मागे बहुधा स्पष्ट लिहिलेलं असतं की ४ ते ८ ओहमचाच स्पीकर चालेल. सुरुवातीला सगळं छान वाजतं. आवाज वाढवून लांबचा प्रवास सुरू झाला, की चिप तापते आणि स्वतःला वाचवण्यासाठी आवाज बंद करते. थंड झाली की पुन्हा सुरू. मालकाला वाटतं डेक बिघडला; डेक मात्र स्वतःचा जीव वाचवत असतो.

तेच दोन स्पीकर एकसर जोडले, म्हणजे एकाच्या शेपटाला दुसऱ्याचं डोकं, तर ८ ओहम होतात आणि डेक सुरक्षित राहतो. पण प्रत्येक स्पीकरच्या वाट्याला निम्मंच व्होल्टेज येतं आणि पॉवर पूर्वीच्या चौथाई होते. स्पीकर दुप्पट झाले आणि आवाज कमी झाला, अशी गत.

म्हणून मार्ग एकच: डेकने फक्त सिग्नल द्यायचा आणि ताकद ॲम्प्लिफायरने लावायची. समजा, प्रत्येक चॅनेलला ५० वॉट देणारा चार चॅनेलचा ॲम्प्लिफायर घेतला. चारही चॅनेल पूर्ण वाजले तर बाहेर येतील २०० वॉट. एबी वर्गाचा ॲम्प्लिफायर पूर्ण ताकदीवर साधारण ६० टक्के कार्यक्षम धरला, तर बॅटरीकडून तो सव्वातीनशे-साडेतीनशे वॉट ओढेल. १३.८ व्होल्टने भागलं की येतात २४ अँपियर. डी वर्गाचा असेल तर कार्यक्षमता ८० टक्क्यांच्या पुढे जाते आणि करंट १८ अँपियरच्या आत राहतो. संगीत सतत शिखरावर नसतं, त्यामुळे सरासरी वापर याहून बराच कमी. पण वायर शिखरासाठीच निवडायची असते.

इथे दुकानात सर्वांत जास्त काटकसर होते आणि ती अगदी चुकीच्या जागी होते. बॅटरी पुढे आणि ॲम्प्लिफायर डिकीत किंवा सीटखाली, म्हणजे वायर सुमारे ५ मीटर लागते. घरच्या वायरिंगसाठी वापरतात ती १.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर टाकली तर तिचा रोध जवळपास ०.०६ ओहम होतो. आकडा क्षुल्लक वाटतो. पण २४ अँपियरला वायरीतच १.४ व्होल्ट हरवतात आणि तेहतीसेक वॉट उष्णता गालिच्याखाली तयार होते. व्होल्टेज दहा टक्क्यांनी पडलं की बहुतेक ॲम्प्लिफायरची पॉवर सुमारे एक पंचमांश घटते. म्हणजे विकत घेतलेला आवाज वाटेतच गळाला. ८ स्क्वेअर एमएम, म्हणजे बाजारात ज्याला ८ गेज म्हणतात ती वायर टाकली, तर तोटा पाव व्होल्टवर येतो. वेगळ्या ॲम्प्लिफायरवर मोठा सबवूफर जोडायचा असेल तर ४ गेज, म्हणजे सुमारे २१ स्क्वेअर एमएम.

गेजचा आकडा जितका लहान तितकी वायर जाड, हे लक्षात ठेवावं लागतं. शिवाय वायर कशाची आहे तेही पाहावं लागतं. तयार ‘वायरिंग किट’मध्ये पुष्कळदा तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर असते. बाहेरून ती तांब्यासारखी लखलखते, पण तिची वहनक्षमता तांब्याच्या जेमतेम दोन तृतीयांश भरते. वर जाडसर प्लास्टिक चढवून ती ४ गेजची दाखवली जाते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत वायर निवडताना टोक सोलून एखादी तार ब्लेडने खरवडावी. आतून पांढरी निघाली तर ॲल्युमिनियम. कथिलाचा मुलामा दिलेलं तांबं याच्या उलट दिसतं: वरून पांढरं, आतून तांबूस. ती वायर उत्तम, आणि कोकणच्या दमट खाऱ्या हवेत तर साध्या तांब्याहून जास्त टिकाऊ.

आता फ्यूज. बॅटरीच्या प्लस टोकापासून ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज हवाच. ॲम्प्लिफायरवर फ्यूज असतो, मग दुसरा कशाला, असं अनेकजण विचारतात. ॲम्प्लिफायरवरचा फ्यूज ॲम्प्लिफायरसाठी आहे. बॅटरीजवळचा फ्यूज मधल्या ५ मीटर वायरीसाठी आहे. ही वायर इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीतून आत येते. गाडीची सगळी बॉडी बॅटरीच्या मायनस टोकाला जोडलेली असते. पत्र्याच्या धारेवर घासून घासून वायरीचं आवरण फाटलं, किंवा पावसाळ्यात उबेला आलेल्या उंदराने ते कुरतडलं, की प्लस थेट बॉडीला चिकटतं. लहान गाडीची ३५ अँपियर-अवरची बॅटरीसुद्धा अशा वेळी क्षणभरात शेकडो अँपियर ओतू शकते. वायर लाल होते, प्लास्टिक पेटतं, गालिचा पेटतो, आणि ॲम्प्लिफायरवरचा फ्यूज शाबूत राहतो, कारण करंट त्याच्यापर्यंत पोचलेलाच नसतो. बॅटरीजवळ ४० अँपियरचा फ्यूज असता तर निमिषात उडून मामला तिथेच थांबला असता. पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट आणि वायरीवर नळीदार आवरण हे दोन्ही मिळून किती स्वस्त पडतात, हे पाहिलं म्हणजे ते गाळणाऱ्यांचा राग येतो.

प्लसची वायर जेवढी जाड तेवढीच मायनसची हवी, कारण जितका करंट येतो तितकाच परत जातो. अर्थसाठी डिकीतला जवळचा, मजबूत, बॉडीला वेल्ड केलेला पत्रा शोधायचा, तिथला रंग सँडपेपरने घासून लखलखीत धातू उघडा करायचा, वायरीला थिंबल दाबून बसवायचं आणि दातेरी वॉशर घालून बोल्टने आवळायचं. वर ग्रीस किंवा रंगाचा हात मारला की गंज लागत नाही. सीटबेल्टचा बोल्ट मात्र यासाठी सोडू नये. तो माणसाचा जीव धरून ठेवण्यासाठी ठरावीक ताकदीने आवळलेला असतो.

अर्थ कच्चा राहिला की कानाला लगेच कळतं. ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून बारीक शिट्टी येते, इंजिनाचा वेग वाढेल तशी ती चढत जाते. आल्टरनेटर मुळात एसी वीज तयार करतो. डायोड तिची डीसी करतात, पण थोडी लहर उरतेच आणि इंजिनाच्या वेगाबरोबर तिची कंपनसंख्या वाढते. डेकचा अर्थ डॅशबोर्डमागे आणि ॲम्प्लिफायरचा डिकीत. या दोन जागांमध्ये काही मिलिव्होल्टचाही फरक पडला, तर तो सिग्नलच्या केबलच्या जाळीतून वाहतो आणि ॲम्प्लिफायर इमानाने तोच मोठा करून ऐकवतो. दुकानदार अशा वेळी फिल्टर विकतो. फिल्टरने शिट्टी दबते, पण तिचं मूळ कारण तसंच राहतं. आधी अर्थ उघडून पुन्हा घासावा. सिग्नलची केबल आणि बॅटरीची वायर गाडीच्या दोन वेगवेगळ्या बाजूंनी न्यावी. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडावी.

सिग्नल मिळवण्याचे मार्ग दोन. डेकला मागे आरसीए सॉकेट असतील तर काम सोपं. तिथून २ ते ४ व्होल्टचा स्वच्छ सिग्नल मिळतो. सोबत निळ्या रंगावर पांढरी रेघ असलेली एक बारीक वायर असते, डेक चालू झाला की तिच्यावर १२ व्होल्ट येतात. ती ॲम्प्लिफायरच्या रिमोटच्या टोकाला जोडायची. काही ठिकाणी घाईत हे टोक थेट बॅटरीला जोडून देतात. मग ॲम्प्लिफायर रात्रभर जागा राहतो आणि सकाळी गाडीला धक्का मारावा लागतो.

हल्ली गाडीबरोबर कंपनीचाच टचस्क्रीन येतो, तो काढता येत नाही आणि त्याला आरसीए नसतात. तिथे स्पीकरच्याच वायरींतून सिग्नल घ्यावा लागतो. बऱ्याच ॲम्प्लिफायरना त्यासाठी हाय-लेव्हल इनपुट असतो; नसेल तर मध्ये एक छोटा कन्व्हर्टर लावतात. इथे एक जुनी सवय घात करते. कॅसेट प्लेयरच्या काळात कमी पॉवरच्या पुष्कळ डेकमध्ये स्पीकरचं मायनस आणि गाडीची बॉडी एकच असे, त्यामुळे स्पीकरची एक वायर सरळ पत्र्याला लावली तरी चाले. आजच्या डेकमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरी जिवंत असतात. दोन्हींवर बॅटरीच्या निम्मं, सहा-सात व्होल्ट डीसी बसलेलं असतं. त्यातली ‘मायनस’ म्हणून ओळखली जाणारी वायर बॉडीला लागली की डेकची चिप जळू शकते.

बाजारात सुटे मिळणारे बहुतेक डेक एकाच रंगसंकेताने येतात. पिवळी वायर कायमचे १२ व्होल्ट, लाल किल्लीबरोबर येणारे, काळी अर्थ. पांढरी पुढचा डावा स्पीकर, करडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा, आणि काळी रेघ असलेली जोडीदार वायर मायनस. गाडी कंपनीच्या मूळ वायरींचे रंग मात्र प्रत्येक कंपनीगणिक बदलतात. म्हणून मूळ वायर न कापता त्या मॉडेलचा कपलर आणून त्यावर जोडणी करावी. गाडी विकताना सगळं पूर्ववत करता येतं आणि वॉरंटीवरून वादही होत नाही. एअरबॅगचे कनेक्टर पिवळ्या रंगाचे असतात, त्यांच्या वाटेला जायचंच नाही. विंडशील्डच्या शेजारच्या खांबात पडदा-एअरबॅग असेल तर त्याच्यासमोरून ट्वीटरची वायर ओढू नये. विजेवर चालणाऱ्या गाडीतही आवाजाची यंत्रणा १२ व्होल्टवरच चालते. तिथल्या केशरी केबल शेकडो व्होल्टच्या असतात, त्यांना हात लावण्याचं काम फक्त प्रशिक्षित तंत्रज्ञाचं.

जोडणी झाली की हात जातो तो ‘गेन’च्या स्क्रूकडे. बहुतेकांना तो आवाज वाढवण्याचा खटका वाटतो आणि तो शेवटापर्यंत फिरवला जातो. डेककडून येणारा सिग्नल आणि ॲम्प्लिफायरची पूर्ण ताकद यांचा मेळ घालणं, एवढंच त्याचं काम. तो मोजून लावता येतो. स्पीकर काढून ठेवायचे, डेकचे बेस-ट्रेबल शून्यावर, आवाज तीन चतुर्थांशावर, आणि एकसुरी टेस्ट टोन लावायचा. ५० वॉट आणि ४ ओहम यांचा गुणाकार २००, त्याचं वर्गमूळ १४.१. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून ॲम्प्लिफायरच्या स्पीकर टोकांवर १४.१ व्होल्ट येईपर्यंत गेन हळूहळू फिरवायचा आणि तिथेच सोडायचा. त्यापुढे गेलं की लाटेचे माथे कापले जातात आणि आवाज फाटतो. कापलेल्या लाटेत वरच्या पट्टीची ऊर्जा वाढते, आणि ट्वीटरची केसासारखी बारीक कॉइल जळते ती यामुळे. कमी पॉवरचा ॲम्प्लिफायर फाटेपर्यंत वाजवणं हे पुरेशा पॉवरचा ॲम्प्लिफायर संयमाने वाजवण्यापेक्षा स्पीकरला जास्त घातक ठरतं.

२० वॉटचे ५० वॉट झाले तर आवाज किती वाढतो? डेसिबलच्या हिशेबात फक्त ४. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट पॉवर लागते. तरी फरक ठळक जाणवतो, कारण तबल्याची थाप किंवा ढोलाचा टोल क्षणभर जी ताकद मागतो ती आता न फाटता मिळते. हेच ४ डेसिबल दुसऱ्या वाटेनेही मिळतात. स्पीकरच्या खोक्यावर ‘सेन्सिटिव्हिटी’ म्हणून एक आकडा असतो. तो ८६ ऐवजी ९० असेल, तर तितक्याच वॉटमध्ये ४ डेसिबल जादा. दुकानात क्वचितच कुणी हा आकडा विचारतं, आणि ‘मॅक्स ३०० वॉट’ हा निरुपयोगी आकडा मात्र सगळे वाचतात.

प्लस-मायनसची अदलाबदल ही तशी साधी चूक, पण तिचा परिणाम फार मोठा. एका दारातला स्पीकर उलटा जोडला गेला, तर एक कोन पुढे येताना दुसरा मागे जातो, दोघांचा बेस एकमेकांना खातो आणि आवाज हवेत विरल्यासारखा पोकळ लागतो. दीड व्होल्टचा साधा सेल स्पीकरच्या टोकांना क्षणभर टेकवावा. कोन बाहेर आला तर सेलचं प्लस ते स्पीकरचं प्लस.

साडेसहा इंची दाराच्या स्पीकरकडून खोल बेस मागणंही अन्यायाचं. तितकाच आवाज ८० हर्ट्झऐवजी ४० हर्ट्झला काढायचा तर कोनला चौपट अंतर मागेपुढे हलावं लागतं. तेवढी जागा त्याच्याकडे नसते. म्हणून ॲम्प्लिफायरवरचा हाय-पास फिल्टर ८० हर्ट्झवर लावून खालचा भाग सबवूफरकडे सोपवायचा. दारातले स्पीकर मोकळे होतात आणि गायकाचा आवाज एकदम स्वच्छ येतो. ८० हर्ट्झची लाट चार मीटरहून लांब असते. इतका खालचा आवाज नेमका कुठून येतोय हे कानाला सांगता येत नाही, त्यामुळे सब डिकीत किंवा सीटखाली असला तरी बिघडत नाही. बंद केबिन खालच्या सुरांना स्वतःच उचलून धरते, म्हणून आठ इंची सबही लहान गाडीला पुरतो.

दार हाच स्पीकरचा डबा असतो, हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. आतला पत्रा पातळ आणि भोकांनी भरलेला. स्पीकरच्या मागून निघणारी लाट त्या भोकांतून पुढच्या लाटेला येऊन मिळते आणि बेस मारते. भोकं बंद करून पत्र्यावर ब्युटाइलची डॅम्पिंग शीट चिकटवली, की तोच स्पीकर वेगळा वाटू लागतो. दारातलं पाणी निघून जाण्याची तळाची भोकं मात्र बुजवायची नाहीत, नाहीतर एका पावसाळ्यात दार गंजेल.

आणखी एक अडचण बसण्याच्या जागेची. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. उजव्या दारातला स्पीकर त्याच्यापासून ९० सेंटिमीटरवर असेल तर डावा १४० वर. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे डाव्या बाजूचा आवाज दीड मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि गायक उजव्या दारात बसल्यासारखा वाटतो. डिजिटल प्रोसेसर असलेल्या डेकमध्ये उजवा स्पीकर तेवढाच उशिरा वाजवता येतो. गायक मग डॅशबोर्डच्या मधोमध येतो. १९८३ च्या मॉडेलांसाठी जनरल मोटर्सने बोसबरोबर काही गाड्यांच्या आतल्या रचनेप्रमाणेच आवाजाची यंत्रणा बेतून घेतली आणि त्यात प्रत्येक स्पीकरला त्याचा स्वतंत्र ॲम्प्लिफायर दिला. केबिन हा यंत्रणेचाच भाग आहे, हे तेव्हापासून गाडी कंपन्यांनी धरलं.

या सगळ्याचा विचार केला तर स्पीकरची संख्या वाढवण्याचा आग्रह सैल पडतो. मागे रोज माणसं बसत असतील तर मागचे स्पीकर जरूर घ्यावेत. एकट्या-दुकट्याने फिरणाऱ्याने तोच पैसा पुढच्या दोन चांगल्या स्पीकरवर, दारांच्या डॅम्पिंगवर, चार चॅनेलच्या ॲम्प्लिफायरवर आणि लहान सबवर खर्च करावा. मागचे दोन चॅनेल ब्रिज करून, म्हणजे एकत्र जोडून, त्यावर सब चालतो. मात्र ब्रिज केल्यावर सब ४ ओहमहून कमी नको, कारण तेव्हा प्रत्येक चॅनेलला त्याच्या निम्मे, म्हणजे २ ओहमच दिसतात.

कानांचाही विचार हवा. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेने कामाच्या ठिकाणासाठी ८५ डेसिबलला आठ तासांची मर्यादा सुचवली आहे आणि दर ३ डेसिबलला ती निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं. बंद गाडीत चांगला सब सहज तिथे पोचतो. तेवढ्या आवाजात मागून येणारी रुग्णवाहिका ऐकू येत नाही. काचा खाली करून वस्तीतून जाताना २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियमही आठवावेत: निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५.

काम नवं असताना पहिल्या महिन्यात एकदा गाणी मोठ्याने अर्धा तास वाजवावीत, गाडी थांबवावी, सगळं बंद करावं आणि फ्यूजचा डबा, बॅटरीचं टोक व डिकीतला अर्थ यांना हात लावून पाहावा. यातलं काहीही चटका बसेल इतकं गरम लागलं तर सांधा सैल आहे किंवा वायर बारीक आहे. गाडी दुकानात न्यावी आणि तेवढा भाग समोर उभं राहून पुन्हा करून घ्यावा.